आधी रुजवात, मग सफाई

तहसील कचेरीतून जुन्या फेरफाराची नक्कल मिळाली की एकदा तिच्या तळाशी नजर टाका. शिक्क्याशेजारी बहुधा दोन सह्यांची जागा असते. एक ‘नक्कल करणार’, दुसरी ‘रुजवात घेणार’. पहिल्यानं अस्सल कागद पाहून उतरवून काढायचं, दुसऱ्यानं अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची. हातानं नकला उतरवायचा जमाना गेला, झेरॉक्स आलं, स्कॅनर आला, तरी ही दुसरी सही टिकून आहे. ज्यानं उतरवलं त्याची नजर स्वतःच्याच चुकीवरून सरळ पुढं जाते, म्हणून रुजवातीला दुसरा माणूस. आणि रुजवात झाली तरी अस्सल कागद कोणी फाडत नाही. तो परत आपल्या गठ्ठ्यात जातो.

संगणकावर आपण ही सगळी रीत विसरतो. कॉपीची हिरवी पट्टी टोकाला पोचते, खिडकी आपोआप मिटते आणि आपण मूळ फाइली पुसून मोकळे होतो. याच्या पुढची पायरी म्हणजे सगळं काम एखाद्या स्क्रिप्टवर सोपवणं: कॅमेऱ्याचं कार्ड घातलं की फोटो उतरवून घे, तारखेप्रमाणे फोल्डरात लाव आणि कार्ड खाली कर. सोय मोठीच आहे. पण या तीन कामांतलं तिसरं काम पहिल्या दोनांच्या जातीचं नाही. कॉपी चुकली तर पुन्हा करता येते, फोल्डर चुकले तर पुन्हा लावता येतात. पुसणं चुकलं तर पुन्हा करायला हातात काही उरत नाही.

लग्नसराईचं गणित

तुळशीचं लग्न लागलं की छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या लॉन्सवर माळा लुकलुकायला लागतात, आणि शहरातल्या स्टुडिओंत ‘कार्ड खाली कर’ ही हाक सुरू होते. हिशेब करून पाहा. एका लग्नाचे दोन कॅमेऱ्यांवर मिळून चार हजार फोटो सहज होतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. म्हणजे नुसते फोटोच शंभर जीबीच्या वर, व्हिडिओ वेगळा. खिशात ६४ किंवा १२८ जीबीची चार-सहा कार्डं. शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी दुसऱ्याच घरचा साखरपुडा. रविवारी रात्री एक वाजता दमूनभागून आलेल्या पोरानं कार्डं संगणकात उतरवून सकाळपर्यंत रिकामी करायची असतात. अशा वेळी माणूस चुकतो, म्हणून यंत्राला काम द्यावं हा विचार चूक नाही. आपल्या लक्षात न आलेली गोष्ट यंत्राच्याही लक्षात येणार नाही, एवढंच ध्यानात ठेवायचं.

एका स्टुडिओवाल्या मित्रासाठी मी अशी एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती कशी फसली ते पुढं सांगतो. आधी कॉपी म्हणजे नक्की काय होतं ते पाहू.

फाइल ‘कट’ करून त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात ‘पेस्ट’ केली तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते, मग ती दहा जीबीची का असेना. कारण ती हललेलीच नसते. वाचनालयात पुस्तक त्याच कपाटात ठेवून नोंदवहीतला पत्ता तेवढा बदलावा, तसं. पण कार्डावरून हार्ड डिस्कवर, किंवा एका डिस्कवरून दुसरीवर ‘कट-पेस्ट’ केलं की गोष्ट वेगळी. तिथं आधी एकेक बाइट वाचून पलीकडे लिहिला जातो आणि मग अलीकडची फाइल पुसली जाते. दोन्हीकडे कळ तीच, शब्द तोच. आत मात्र एकीकडे नोंद बदलते आणि दुसरीकडे नक्कल करून अस्सल पुसली जाते, तीही बहुतेक वेळा रुजवातीशिवाय.

शिवाय ‘कॉपी झाली’ असं संगणक सांगतो तेव्हा ती डिस्कवर पोचलेलीच असते असं नाही. वेग दाखवण्यासाठी तो बराच मजकूर आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. त्या मधल्या क्षणी लाइट गेली किंवा कोणी हार्ड डिस्कची वायर उपसली, तर नाव आणि आकार दिसणारी पण आतून अर्धी फाइल शिल्लक राहते. ‘सेफली रिमूव्ह’ करायला सांगतात ते याच कारणानं.

नवाचा ताळा, आणि त्याहून पक्का

मग चार हजार फोटोंची रुजवात घ्यायची कशी? प्रत्येक फोटो उघडून बघणं शक्य नाही, आणि बघूनही उपयोग नाही. वरचा अर्धा भाग छान दिसणारी फाइल खाली करडी पडलेली असू शकते.

शाळेत गुणाकाराचा ‘ताळा’ करून बघायचो, आठवतं? संख्येतले अंक मिळवत एका अंकावर यायचं. ४५७३ चा ताळा: ४+५+७+३ म्हणजे १९, १+९ म्हणजे १०, शेवटी १. उत्तराचा ताळा जुळला नाही तर गणित चुकलं हे नक्की. पण हा ताळा भोळा आहे. अंकांची अदलाबदल होऊन ४७५३ झालं तरी ताळा १ च येतो, म्हणून चूक निसटते. आधार क्रमांकाचा बारावा अंक हाही ताळ्याचाच अंक आहे, पण तो जास्त चलाख आहे. टायपिंगमध्ये शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर तो ती पकडतो.

फाइलींसाठी वापरतात तो याच कल्पनेचा पैलवान भाऊ. त्याला ‘हॅश’ म्हणतात. संपूर्ण फाइल, ती तीस एमबीची असो की तीस जीबीची, एका ठराविक गणितातून काढली की ठराविक लांबीचा एक आकडा मिळतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमडी-५ पद्धतीत तो ३२ चिन्हांचा असतो, आज जास्त चालणाऱ्या एसएचए-२५६ मध्ये ६४ चिन्हांचा. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. एमडी-५ ला मुद्दाम फसवता येतं हे २००४ मध्ये सिद्ध झालं, म्हणून सुरक्षेच्या कामात ती बाद झाली. पण आपला सामना कारस्थानी माणसाशी नसून सैल वायरीशी आहे, आणि तिला पकडायला दोन्ही पद्धती पुरतात.

हॅशचा आणखी एक गुण नक्कल करणाऱ्याच्या फार कामाचा आहे. फाइलीचं नाव बदला, फोल्डर बदला, हॅश तोच राहतो. म्हणजे कार्डावरच्या एकशेएकाव्या फाइलीचं नाव बदलून ती कुठंही लावली, तरी ‘ही तीच का?’ या प्रश्नाला ठाम उत्तर मिळतं. मात्र फोटो फिरवून जतन केला किंवा त्यात आतून एखादी ओळ लिहिली, की हॅश बदलला. म्हणून क्रम असा: आधी कॉपी, मग रुजवात, आणि काटछाट-सजावट सगळ्यात शेवटी.

एक सावधगिरी. कॉपी केल्यावर लगेच ताळा केला तर संगणक डिस्कवरून न वाचता आपल्या स्मृतीतूनच वाचून ‘जुळलं’ म्हणू शकतो. म्हणजे नक्कल करणाऱ्यानं स्वतःच रुजवात घेतल्यासारखं झालं. डिस्क काढून पुन्हा जोडावी आणि मग ताळा घ्यावा.

लावालावीतले खड्डे

आता माझी फजिती. कॅमेरे फाइलींना नाव देताना चार आकडी क्रमांक वापरतात, ०००१ ते ९९९९, आणि मग पुन्हा ०००१. त्यामुळे दोन कॅमेरे असले किंवा एकाच कॅमेऱ्यानं दहा हजारी ओलांडली, की एकाच नावाचे दोन वेगळे फोटो तयार होतात. हे मला माहीत होतं. म्हणून माझी स्क्रिप्ट फोटोच्या आत नोंदवलेली वेळ वाचून नाव बदलायची: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. मित्राकडे दोन महिने ती बिनबोभाट चालली. मग एका लग्नात शेवटच्या ‘सावधान’ला त्यानं कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं. अक्षता हवेत, अंतरपाट खाली येतोय, सेकंदाला आठ फोटो. आठांचीही वेळ सेकंदापर्यंत एकच, म्हणून नावही एकच. स्क्रिप्टनं पहिला फोटो लावला, दुसरा त्याच्यावर, तिसरा दुसऱ्यावर. आठांतला शेवटचा उरला. त्यात नवरीचे डोळे मिटलेले होते. आणि ‘कॉपी यशस्वी’ अशा आठ नोंदी करून स्क्रिप्टनं कार्ड पुसलंही होतं.

चूक कार्डाची नव्हती, कॅमेऱ्याचीही नव्हती. मी कॉपी झाल्याची नोंद तपासत होतो; नक्कल जागेवर आहे का हे तपासत नव्हतो. आठ फाइली गेल्या आणि आठ आल्या का, एवढी साधी मोजणीही मी स्क्रिप्टला शिकवली नव्हती. फोटो वाचले, कारण त्या कार्डावर त्यानंतर काही टिपलेलं नव्हतं. ते कसं, ते पुढं येतंय.

लावालावीत असे खड्डे आणखी आहेत. काही कंपन्यांचे कॅमेरे फोटो एका फोल्डरात आणि व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ नावाच्या अगदी वेगळ्या फोल्डरात ठेवतात. स्क्रिप्टनं फक्त फोटोंचं फोल्डर उचललं आणि मग पूर्ण कार्ड फॉरमॅट केलं, तर सप्तपदीचा व्हिडिओ गेलाच. व्हिडिओ अजून डिस्कवर उतरत असतानाच पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टनं अर्धी फाइल उचलावी, हाही नेहमीचा प्रकार. फाइलीचा आकार थोडा वेळ स्थिर राहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा त्यावरचा उपाय.

मराठीत फोल्डरांची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. ‘दुसऱ्या दिवसाचे फोटो’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कळफलकावर तो नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त देऊन होतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ ला हलन्त देऊन त्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं. मग एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसतात, निम्मे फोटो इकडे, निम्मे तिकडे, आणि माणूस एक फोल्डर ‘डुप्लिकेट’ समजून उडवतो. ठिकाणावरून फोटो लावणाऱ्यांना आमच्या शहरानं आणखी एक कोडं घातलंय. २०२३ मध्ये नाव बदललं, त्यामुळे एकाच चौकातले फोटो जुन्या आणि नव्या अशा दोन नावांखाली विभागले जातात. नावांवर विसंबून काही पुसू नये, हॅशवर विसंबावं, ते याचसाठी.

पुसलं म्हणजे काय झालं

फाइल पुसली की ती लगेच नाहीशी होत नाही. कार्डावर एक नोंदवही असते: अमुक फाइल अमुक खणांत. पुसताना संगणक फक्त त्या नोंदीवर काट मारतो आणि खण ‘मोकळे’ म्हणून जाहीर करतो. जुन्या फॅट पद्धतीत तर फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून ठेवतात, इतकंच. खणांतला माल जागेवरच असतो, नवा माल येऊन त्याला झाकेपर्यंत. ‘फोटोरेक’सारखी मोफत सॉफ्टवेअरं नोंदवही बाजूला ठेवून सगळे खण चाळतात. प्रत्येक जेपीजी फाइल ठराविक बाइटांनी सुरू होते, ती खूण दिसली की तिथून फोटो उचलतात. माझ्या मित्राचे सात फोटो असेच परत आले, नावं हरवलेले, पण शाबूत. म्हणून फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो न काढता ते बाजूला ठेवायचं.

मात्र ही आशा सगळीकडे धरू नका. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीला फाइल पुसताच ‘हे खण आता रिकामे करायला हरकत नाही’ असा निरोप जातो, आणि ती फुरसतीत ते खरोखर साफ करते. तिथून परत मिळणं जवळपास अशक्य. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही, आणि स्क्रिप्टनं पुसलेली फाइल बहुतेक वेळा कुठल्याच बिनमध्ये जात नाही.

अजिंठ्याची भिंत

नकलांवर किती विसंबावं याचा धडा आमच्याच जिल्ह्यात आहे, सोयगाव तालुक्यात. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला गेला. जवळजवळ दोन दशकं तो अंधाऱ्या लेण्यांत मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत चित्रं उतरवत राहिला. ती लंडनला पोचली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात लागली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथं लागलेल्या आगीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडून सगळी जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढं नावारूपाला आलेले चित्रकार होते. १८८५ पर्यंत त्यांनी नव्यानं नकला केल्या. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ मध्येच तिथं लागलेल्या आगीत त्यांतल्याही अनेक गेल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१८ च्या सुमारास उतरवून नेलेल्या नकला तोक्योत १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या.

तीन पिढ्यांची मेहनत, तीन वेळा घात. तरीही अजिंठा उरला, कारण कॉपी झाली म्हणून कोणी भिंत पुसली नव्हती. एकाच ठिकाणी ठेवलेली एकच नक्कल म्हणजे नक्कल नसल्यासारखीच, हे त्या आगींनी सांगितलं.

या गोष्टीचा उलटा पदरही आहे. नकला करताना चित्र उठून दिसावं म्हणून भिंतीवर वार्निश चढवलं गेलं, ते काळानं पिवळं पडलं आणि पुढं ते काढत बसण्याचं काम पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. भिंतीवरचे काही तुकडे त्यानंतर निखळले. आज त्या जागी काय होतं हे पाहायचं तर आगीतून वाचलेल्या नकलांकडेच जावं लागतं. म्हणजे अस्सल गेली की नक्कल अस्सल होते आणि तिलाही तेवढंच जपावं लागतं. ज्या क्षणी तुम्ही कार्ड पुसता, त्या क्षणी हार्ड डिस्कवरची फाइल नक्कल राहत नाही.

छायाचित्रकारांच्या धंद्यात म्हणूनच ‘तीन-दोन-एक’ हा नियम रूढ झाला. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. स्टुडिओच्या एकाच टेबलावर दोन हार्ड डिस्क ठेवल्या तर तो क्रिस्टल पॅलेसच झाला. एक घरी न्या.

यंत्राला शिकवायची शिस्त

मग आपोआप सफाई करूच नये का? करावी. न केल्यानंही घोटाळे होतात. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरं फायनल’ अशी तीन फोल्डरं असली की एडिटर हमखास चुकीचं उचलतो. फक्त सफाईच्या आधी काही अटी घालायच्या.

पहिली अट, स्क्रिप्टला ‘पुस’ हा हुकूम थेट द्यायचाच नाही. पुसण्याऐवजी मूळ फाइली ‘प्रतीक्षा’ नावाच्या एका फोल्डरात हलवायच्या. त्याच डिस्कवर असल्यानं ते क्षणात होतं. कार्डाच्या बाबतीत, भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवायचं आणि मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला असलेलं छोटं कुलुपाचं बटण खाली सरकवायचं. इतकं साधं कुलूप, पण फारच थोडे वापरतात.

दुसरी अट, दोन ठिकाणच्या प्रतींची रुजवात झाल्याशिवाय प्रतीक्षा संपत नाही. प्रत्येक मूळ फाइलीचा हॅश दोन्ही प्रतींत सापडला पाहिजे. नाव सापडून भागत नाही.

तिसरी अट, मोजणी. एकूण किती फाइली आल्या, किती लागल्या, किती उरल्या. बेरीज जुळली नाही तर काम थांबवायचं. शंका आली तर पुढं न जाणं, हा स्क्रिप्टचा सगळ्यात मोठा सद्गुण. हार्ड डिस्क जोडलेली नाही, जागा संपली, एखादी फाइल शून्य आकाराची आली, अशा प्रत्येक प्रसंगी तिनं हातच उचलायचे.

चौथी अट, रंगीत तालीम. नवी स्क्रिप्ट पहिल्यांदा फक्त ‘मी काय काय केलं असतं’ एवढं छापेल, करणार काही नाही. ती यादी माणसानं वाचायची. आणि रोज काय हललं याची एक वही ठेवायची.

तयार साधनंही आहेत. लिनक्सवरच्या ‘आरसिंक’ला सांगता येतं की नीट पोचलेल्याच मूळ फाइली काढ. विंडोजमधलं ‘रोबोकॉपी’ही फाइली हलवतं, पण पोचलेला मजकूर वाचून ताडत नाही, म्हणून त्याच्यामागून रुजवात वेगळी घ्यावी लागते. त्याच्या ‘मिरर’ पर्यायापासून जपून राहा. मूळ जागी जे नाही ते तो प्रतीतूनही काढून टाकतो. रिकामं कार्ड लावून तो चालवला, तर प्रतही रिकामी.

खिशातला सफाईवाला

स्क्रिप्ट लिहीत नसाल तरी हा विषय तुमच्या खिशात आहे. गूगल फोटोजमधलं ‘जागा मोकळी करा’ हे बटण नेमकं हेच करतं: वर चढलेले फोटो फोनमधून काढतं. ते दाबण्याआधी दोन गोष्टी बघा. जागा वाचवणारा दर्जा निवडलेला असेल, तर वर गेलेली प्रत दाबून लहान केलेली आहे. म्हणजे तुम्ही अस्सल पुसून हलकी नक्कल ठेवताय. दुसरं, फोन आणि गूगल यांच्यातलं नातं आरशाचं आहे. नंतर वरून काही पुसलं तर ते सगळीकडून जातं. वर चढलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवून ‘आहे की तिकडं’ म्हणणं हेही तसंच. तिथं गेलेला फोटो आकारानं आटलेला असतो.

याच्या अगदी उलट, काही ठिकाणी मूळ फाइली झटपट पुसणंच योग्य. झेरॉक्सच्या दुकानात आपण आधार कार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक व्हॉट्सअॅपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. ती फाइल दुकानाच्या संगणकात ‘डाउनलोड्स’मध्ये महिनोन् महिने पडून राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र असं की काम संपलं की माहिती पुसावी. दुकानदारानं रोज रात्री ते फोल्डर आपोआप रिकामं होईल अशी सोय केली, तर ते गिऱ्हाइकावर उपकार नाहीत, ते त्याचं कामच आहे. आपली आठवण पुसायला घाई नको, दुसऱ्याचा कागद ठेवायला हौस नको.

मुदत कोणी ठरवायची

किती दिवस थांबायचं याचंही उत्तर कचेरीत आहे. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग पाडतात: ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा वर्षं, ‘ड’ एक वर्ष. अगदी किरकोळ कागदालाही वर्षभराची मुदत. आणि एवढं करूनही कोणता कागद कधी लागेल सांगता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तालुक्यातालुक्यांत मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना बोलावणी गेली, हैदराबादचं दप्तरही धुंडाळलं गेलं. सापडलेल्या नोंदी स्कॅन झाल्या, संकेतस्थळांवर चढल्या. पण कुणबी दाखल्याला वजन आलं ते गठ्ठ्यात पडून राहिलेल्या मूळ कागदावरून.

स्टुडिओनं ‘अ’ वर्ग गिऱ्हाइकाच्या निवडलेल्या फोटोंना द्यावा, ‘क’ रॉ फाइलींना, आणि ‘ड’ ‘प्रतीक्षा’ फोल्डराला. तिथं वर्ष नको, तीस दिवस पुरतात. अल्बम घरी पोचेपर्यंत तरी नक्कीच.

आज रात्री एक काम करा. तुमच्याकडे फाइली आपोआप हलवणारी एखादी स्क्रिप्ट किंवा अॅप असेल, तर ते उघडा आणि पुसण्याचा हुकूम कुठं आहे तो शोधा. त्याच्या आधी रुजवात नसेल, तर तो हुकूम बंद करून मगच झोपा.